एमटीटीची पिवळी पूड: एक ग्रॅमची कुपी घ्यावी की तयार किट?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या फार्मसी आणि बायोटेकच्या प्रयोगशाळांत प्रकल्पाचा हंगाम आला की हा प्रश्न हमखास निघतो. हाताशी वनस्पतीचा अर्क आहे, तो कर्करोगाच्या पेशींवर टाकून बघायचा आहे. मग किती पेशी जिवंत आहेत हे रंगाने दाखवणारी एमटीटी सुटी मागवायची, की 'उघडा आणि वापरा' छापाचं किट? आधी निकाल सांगतो: सुटी पूड घ्या, एक ग्रॅमचीच घ्या, आणि तिच्याबरोबर एसआरबी नावाचा लाल रंगही मागवा. बेळगावच्या आसपास तपासले जाणारे अर्क बहुतेक हिरडा, आवळा, बिब्बा, हळद या जातीचे असतात आणि नेमक्या याच अर्कांपुढे एमटीटी एकटी पडली तर खोटं बोलते.

पैशांचा हिशेब सोपा आहे. एका मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम या प्रमाणात एक ग्रॅम पुडीचं २०० मिलिलिटर द्रावण होतं. पेशी वाढवायच्या ९६ खणांच्या प्लेटच्या एका खणाला १० मायक्रोलिटर लागतं, म्हणजे २०,००० खण. ('९६ वेलची प्लेट' असं लिहिलं की मसाल्याचा डबा आठवतो, म्हणून इथे खण म्हणू.) कडेचे ३६ खण सोडून आतले ६० वापरले, गाळताना आणि मुदत संपून जे वाया जातं ते धरलं, तरी दोनशे प्लेटी कुठे गेल्या नाहीत. डब्ल्यूएसटी-८ या विद्राव्य रंगाच्या तयार किटात ५ मिलिलिटरची बाटली येते आणि खणाला तेवढेच १० मायक्रोलिटर लागतात. म्हणजे ५०० खण, जेमतेम आठ प्लेटी. एका एमएस्सी प्रकल्पाच्या सरावातच ती बाटली संपते.

पूड म्हणजे पिवळं टेट्राझोलियम मीठ. जिवंत पेशीतली एन्झाइमं एनएडीएच आणि एनएडीपीएच या सहएन्झाइमांच्या जोरावर तिचं क्षपण करतात आणि पाण्यात न विरघळणारा जांभळा फॉर्मझॅन तयार होतो. टिम मोसमन यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. पेशींची वाढ मोजायला तोवर किरणोत्सारी थायमिडीन लागायचं. पाठ्यपुस्तकांत अजून 'मायटोकॉन्ड्रियातलं डिहायड्रोजिनेज' एवढंच छापलेलं असतं. प्रत्यक्षात पेशीद्रवातली आणि अंतर्द्रव्यजालिकेतली एन्झाइमंही मोठा वाटा उचलतात. व्हायव्हात हे सांगितलं तर परीक्षक बहुधा खूश होतील, क्वचित भांडतील.

कुपी हातात आली की आधी रंग बघा. चांगली पूड लिंबासारखी स्वच्छ पिवळी असते. हिरवट झाक असेल तर ती उजेडात किंवा दमटीत राहिलेली आहे, परत पाठवा. लेबलवर शुद्धता ९८ टक्के किंवा जास्त हवी आणि लॉट नंबर हवा. डीलरकडून 'सर, माल आहे, लगेच पाठवतो' असं उत्तर आलं की लॉट आणि मुदतीची तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या. पूड साध्या कुरियरने आली तरी चालते, कोरडा बर्फ लागत नाही. पुण्याहून किंवा बेंगळुरूहून माल येणाऱ्या गावांसाठी हा मोठा फायदा आहे. पेशी वाढवायला लागणारं सीरम आणि त्या सोडवायला लागणारं ट्रिप्सिन यांना ही सवलत नाही. ते शुक्रवारी निघालं तर शनिवार-रविवार गोदामात वितळत बसतं, म्हणून त्यांची ऑर्डर सोमवारी निघेल अशी द्या.

हातमोजे घालूनच तोला. जनुकीय दोष निर्माण करण्याचा संशय असलेल्या रसायनांत एमटीटीची गणना होते, शिवाय ती डोळ्यांना आणि त्वचेला झोंबते. पावसाळ्यात कुपी फ्रिजमधून काढून लगेच उघडू नका. अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतली वाफ पुडीवर जमते. ५० मिलिग्रॅम पूड १० मिलिलिटर पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारट बफर) ३७ अंशांवर हलवत विरघळवा आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. गाळणं निर्जंतुकीकरणासाठी आहेच, पण पुडीत आधीपासून असलेले न विरघळणारे कणही त्यातच अडकतात. ते सुटले तर रिकाम्या खणातही रंग दिसतो. एक-एक मिलिलिटरच्या नळ्या भरून फॉइल गुंडाळा आणि उणे २० अंशांवर ठेवा. बाहेर काढलेली नळी ४ अंशांवर, अंधारात, दोन आठवडे चालते. पुन्हा गोठवू नका.

आता प्लेट. चिकटून वाढणाऱ्या पेशी, उदाहरणार्थ हेला किंवा एमसीएफ-७ या कर्करोगाच्या पेशी, खणाला ५,००० ते १०,००० अशा १०० मायक्रोलिटर वाढीच्या माध्यमात टाका. नेमका आकडा लेबलवरून घेऊ नका. खणाला १,००० पासून ५०,००० पर्यंत पेशी टाकून एकदा आलेख काढा आणि प्रयोगाच्या शेवटी औषध न दिलेल्या खणांचं प्रकाशशोषण ०.७५ ते १.२५ मध्ये येईल असा आकडा धरा. त्याच्या बरंच वर गेलं की रंग पेशींच्या प्रमाणात वाढत नाही, आणि अर्धी मेलेली प्लेटही ठणठणीत दिसते. कडेच्या खणांत पेशी टाकू नका, २०० मायक्रोलिटर पीबीएस भरा. तिथलं पाणी आधी उडतं, माध्यम घट्ट होतं आणि पेशी औषधाविनाच त्रासतात.

चोवीस तासांनी माध्यम बदलून अर्क द्या. अर्काचं मूळ द्रावण डीएमएसओ या द्रावकात १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर केलं, तर हजारपट पातळ करून १०० मायक्रोग्रॅम मिळतं आणि डीएमएसओ ०.१ टक्क्यावर राहतो. ०.५ टक्क्याच्या वर जाऊ नका, आणि तेवढाच डीएमएसओ अर्क न दिलेल्या नियंत्रण खणांतही घाला. अर्क दिल्यावर प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघा. काळपट कण तळाशी बसले असतील तर अर्क माध्यमात विरघळलेलाच नाही, आणि पुढचे सगळे आकडे त्या गाळाचे आहेत.

अर्काची ठरलेली मुदत संपल्यावर खणाला १० मायक्रोलिटर एमटीटी, ३७ अंशांवर ३ तास. जांभळ्या सुया दिसल्या की माध्यम काढायचं. इथे सगळ्यात जास्त माल वाया जातो, कारण स्फटिक तळाशी सैल बसलेले असतात. प्लेट तिरकी धरून पिपेटचं टोक खणाच्या भिंतीला लावा आणि हळू ओढा, टोक तळाला टेकवू नका. प्लेट उलटी करून आपटायची सवय काही प्रयोगशाळांत आहे. त्यात कोणत्या खणाचं काय गेलं हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. मग १०० मायक्रोलिटर डीएमएसओ, दहा मिनिटं हलवणं, ५७० नॅनोमीटरला वाचन आणि त्यातून ६३० चं वजा. शंभराला साडेबारा मायक्रोलिटर ग्लायसिन बफर, पीएच १०.५, घातला तर राहिलेल्या माध्यमामुळे होणारा रंगातला फरक मिटतो. खर्च जवळपास नाही, वाचनं मात्र बरीच एकसारखी होतात.

डीएमएसओ दोन प्रकारचा घ्या. पेशींवर जाणाऱ्या द्रावणासाठी कल्चर ग्रेडची छोटी बाटली, आणि स्फटिक विरघळवायला साधा एआर ग्रेडचा. दोन्हीकडे महागडाच वापरणं हा निव्वळ अपव्यय. बेळगावच्या थंडीत याची एक खास गंमत होते: डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी प्रयोगशाळा उघडली की बाटलीत बर्फासारखा गोळा दिसतो आणि नवखा विद्यार्थी माल खराब म्हणून डीलरला फोन लावतो. माल उत्तम आहे. झाकण घट्ट करून बाटली ३७ अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. अर्धवट वितळलेला ओतू नका, पूर्ण वितळून हलवल्यावरच घ्या. पावसाळ्यात उलटी तक्रार असते, उघडी बाटली हवेतलं पाणी ओढते. म्हणून लिटरच्या बाटलीपेक्षा १०० मिलिलिटरच्या पाच बाटल्या बऱ्या.

तरंगत वाढणाऱ्या पेशींसाठी माध्यम काढता येत नाही, तिथे आम्लयुक्त एसडीएस (साबणासारखं रसायन) टाकून रात्रभर ठेवतात. थंडीत एसडीएसचाही गाळ बसतो, आणि पोटॅशियमवाल्या बफरशी गाठ पडली तर हमखास बसतो. गढूळ प्लेट वाचू नका, ३७ अंशांवर स्वच्छ होऊ द्या.

प्लेटचा रंग मोजणाऱ्या रीडरचं आधीच विचारून घ्या. महाविद्यालयांत एलायझासाठी घेतलेल्या साध्या रीडरमध्ये बहुधा ४०५, ४५०, ४९२ आणि ६३० चेच फिल्टर असतात. एमटीटीला ५७० चा वेगळा घ्यावा लागतो, ५४० किंवा ५५० वरही काम भागतं. ४९२ वर वाचून प्रबंध लिहू नका. तयार डब्ल्यूएसटी-८ किटची इथे एक जमेची बाजू आहे: ते ४५० वर वाचतात, माध्यम काढायचं नसतं, स्फटिक वाहून जायचा प्रश्न नाही. वर्षाला पाच-सहाच प्लेटी करणाऱ्या आणि ५७० चा फिल्टर नसलेल्या प्रयोगशाळेने किट घेतलं तर चूक म्हणता येणार नाही.

वीज. एमटीटी टाकल्यावरच्या तीन तासांत ती गेली तर इनक्यूबेटरचं दार उघडू नका. तापमान बराच वेळ टिकतं. 'जरा बघू' म्हणून उघडलेल्या दारातून उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही जातात. वीज आल्यावर रीडरचा दिवा पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. आणि एका संचातल्या सगळ्या प्लेटींना एमटीटीचा वेळ सारखाच द्या. एक प्लेट तीन तास आणि दुसरी साडेचार तास ठेवली, तर फरक अर्काचा नसतो, घड्याळाचा असतो.

पावसाळ्याचं आणखी एक. कल्चर रूममध्ये पुठ्ठ्याचे खोके ठेवू नका. जून ते सप्टेंबर ते ओलावा धरतात आणि बुरशी तिथूनच इनक्यूबेटरपर्यंत चालत येते. पाण्याचं तबक दर आठवड्याला रिकामं करून निर्जंतुक पाण्याने भरा.

आता मुख्य तक्रार. एमटीटीला पेशीच लागते असं नाही, क्षपण करणारं काहीही चालतं. आवळ्यातलं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, हिरड्यातली टॅनिनं आणि गॅलिक आम्ल, क्वेर्सेटिनसारखी फ्लॅव्होनॉइडं ही पेशीशिवायच पिवळ्याचं जांभळं करतात. परिणाम उलटा दिसतो: अर्काचं प्रमाण वाढेल तशी 'जिवंत पेशी' वाढत जातात, ११० टक्के, १४० टक्के. मग प्रबंधात 'अर्क पेशीवर्धक आहे' असं छापलं जातं. किंवा पेशी खरोखर मेलेल्या असतात आणि अर्काचा स्वतःचा रंग त्यांना झाकतो. प्रत्येक प्रमाणासाठी तीन खण बिनपेशींचे ठेवा, त्यांत माध्यम, अर्क आणि एमटीटी. तीन तासांनी ते जांभळे झाले तर तुमच्या अर्कावर एमटीटीचा एकटीचा आकडा धरू नका. थोडा रंग आला असेल तर एमटीटी टाकण्याआधी पेशी कोमट पीबीएसने दोनदा धुऊन ताजं माध्यम घातल्यास बराचसा सुटतो. फक्त धुताना अर्धवट सुटलेल्या पेशीही जातात, म्हणजे मृत्यू थोडा फुगवून दिसतो. नुसतं आकडा वजा करून भागवण्याची पद्धत आम्हाला पसंत नाही. पेशींनी शोषलेला अर्क आणि मोकळा अर्क सारखंच वागतील याला आधार नसतो.

आणखी एक चोर माध्यमातच बसलेला असतो. गॅलिक आम्ल आणि तत्सम पॉलिफिनॉलं डीएमईएमसारख्या माध्यमात ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. पेशी मरतात खऱ्या, पण मारणारं पेरॉक्साइड असतं. एका ओळीत कॅटलेज हे पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम घालून बघा. मरण थांबलं, तर तुमच्या अर्काची 'कर्करोगविरोधी शक्ती' बाटलीतल्या माध्यमाची होती.

म्हणून एसआरबी. सल्फोरोडामाइन बी हा लाल रंग प्रथिनांना चिकटतो, त्याला पेशीच्या क्षपणाशी देणंघेणं नाही. १९९० पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या औषध-चाळणीत तो वापरात आला. कृती अशी: खणात २०० मायक्रोलिटर माध्यम असेल तर त्यावर हलकेच ५० मायक्रोलिटर थंड ५० टक्के टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल), ४ अंशांवर एक तास. पाण्याने पाच वेळा धुऊन वाळवा. १ टक्का अ‍ॅसेटिक आम्लातला ०.४ टक्के एसआरबी अर्धा तास. मग १ टक्का अ‍ॅसेटिक आम्लाने चार वेळा धुवा. इथे नळाचं पाणी वापरलं तर पेशींना धरलेला रंगही सुटू लागतो. वाळवा, १० मिलिमोलर ट्रिसच्या द्रावणात, पीएच १०.५, विरघळवा आणि ५१० ते ५६५ च्या दरम्यान वाचा. टीसीए जोरात टाकलं तर पेशी धक्क्याने सुटतात, आणि प्लेटीवर अर्धचंद्र दिसतात. हे आम्ल कातडी जाळतं, चष्मा हवाच.

सीमाभागासाठी एसआरबीचा खरा गुण वेगळाच आहे: टीसीएने बसवलेली आणि वाळवलेली प्लेट कपाटात पडून राहू शकते. वीज नाही, रीडर बिघडला, शेजारच्या कॉलेजच्या रीडरवर गुरुवारीच वेळ मिळतो. काही बिघडत नाही. एमटीटीची प्लेट इतकी सोशिक नाही. शिवाय अर्क देण्याच्या क्षणी एक प्लेट टीसीएने थांबवून ठेवली, तर पेशी मेल्या की नुसत्या वाढायच्या थांबल्या हेही कळतं. एमटीटीच्या '५० टक्के'मध्ये हे दोन्ही एकत्र कालवलेलं असतं.

रेझाझुरिन हा तिसरा पर्याय थोडक्यात: स्वस्त, निळ्याचा गुलाबी होतो, पेशी मरत नाहीत, पण क्षपण करणारे अर्क त्यालाही फसवतात आणि जास्त वेळ ठेवलं तर गुलाबीही उडून पांढरं पडतं.

मुदत किती ठेवायची याचं उत्तर औषधावर आहे. सह्याद्रीच्या घाटातल्या नरक्या या झाडाचं उदाहरण घ्या. त्यातलं कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. नरक्यात ते सापडल्याचं १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. ते टोपोआयसोमरेज-१ हे डीएनएचा पीळ सोडवणारं एन्झाइम अडवतं आणि मुख्यतः डीएनए दुप्पट करत असलेल्या पेशींनाच मारतं. २४ तासांत बऱ्याच पेशी त्या टप्प्यावर पोचलेल्याच नसतात, त्यामुळे एमटीटी त्याला दुबळं ठरवते. ४८ आणि ७२ तास दोन्ही करा. तुलनेसाठी डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध घेत असाल तर ते स्वतः लाल असतं हे विसरू नका, त्यालाही बिनपेशींचे खण द्या.

पेशी कुठून आणल्या हेही पुडीइतकंच महत्त्वाचं. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेचं राष्ट्रीय पेशीभांडार आहे, तिथून घ्या. मित्राच्या मित्राकडून आलेली बाटली 'एमसीएफ-७' असेल की हेला, देव जाणे. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, माध्यम गढूळही करत नाही, पण पेशीचा चयापचय बदलून एमटीटीचा आकडा हलवतो. दर दोन महिन्यांनी पीसीआरने तपासा. आणि एका प्लेटीवरचे तीन खण म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, नव्याने सोडवलेल्या पेशींवर तीनदा केलं तरच त्याला तीन म्हणा.

मिळालेल्या आकड्याचं करायचं काय? कच्च्या अर्काचं आयसी५० (आकडा निम्म्यावर आणणारं प्रमाण) साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असेल तरच तो पुढे नेण्याजोगा मानतात. २५० मायक्रोग्रॅमला पेशी मारणारा अर्क 'प्रभावी' नसतो. एवढ्या प्रमाणात बरंच काही मारतं. निरोगी पेशींवरही तोच प्रयोग लावून दोन्ही आकड्यांचं गुणोत्तर द्या, नाहीतर फिनाइलही कर्करोगावरचं औषध ठरेल. प्लेटीवरून माणसाकडे जाताना हळदीचं उदाहरण पुरे आहे. रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडाने दिलेल्या रुग्णांच्या रक्तात ते जेमतेम १.७७ मायक्रोमोलरपर्यंत चढलं, असं २००१ मध्ये छापलं गेलं. प्लेटीवर मात्र १० ते ५० मायक्रोमोलर सर्रास वापरतात.

खरेदीची यादी अशी करा: एमटीटी एक ग्रॅम, एसआरबी पाच ग्रॅम, टीसीए, अ‍ॅसेटिक आम्ल, ट्रिस, दोन ग्रेडचा डीएमएसओ, ५७० चा फिल्टर. पाच ग्रॅमची एमटीटी दराने स्वस्त पडते, पण उघडलेली कुपी दोन पावसाळे काढत नाही. वापरलेली जांभळी प्लेट बेसिनमध्ये ओतू नका. डीएमएसओ कातडीतून रसायनं आत नेतो, म्हणून नायट्राइल मोजे घालून प्लेटीतलं द्रावण झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि घातक कचऱ्याच्या गाडीला द्या.